कर्ण्यात मावलेला जॅझ

एप्रिल १९२३मध्ये कॉर्नेट हे तुतारीसारखे फुंकवाद्य वाजवणाऱ्या किंग ऑलिव्हरचा 'क्रिओल जॅझ बँड' शिकागोहून इंडियाना राज्यातील रिचमंड या गावी आला आणि ५ व ६ तारखेला त्याने तेथील जेनेट कंपनीच्या स्टुडिओत आपली पहिली ध्वनिमुद्रणे केली. जॅझची पहिली तबकडी १९१७ सालीच न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली होती, परंतु न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांची, अनेक वाद्यांच्या सुरावटी एकाच वेळी एकमेकींत गुंफणारी शैली आज आपल्याला ठाऊक आहे ती मुख्यतः १९२३ सालच्या अशा मुद्रणांमुळे. म्हणूनच त्या तबकड्यांवर बँड किती आहे आणि यंत्र किती आहे, हे पारखून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते.

स्टुडिओत मायक्रोफोन नव्हता. वादकांकडे तोंड केलेला मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाशी ताणलेला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली कोरणी आणि तिच्याखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी, एवढीच ती यंत्रणा होती. विजेने आवाज वाढवण्याची सोय नसल्यामुळे मेणात चर कोरण्यासाठी लागणारी सगळी शक्ती वादकांच्या फुंकेतून आणि हातांतूनच यावी लागे. जोमाने फुंकलेल्या कॉर्नेटची ध्वनिशक्तीदेखील एका वॅटहून कमीच असते, आणि तिचाही थोडासाच भाग कर्ण्याच्या वाट्याला येतो. त्यातही कर्णा सर्व स्वरांना सारखा न्याय देत नाही. साधारणपणे २०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला २०० कंपनांच्या) खालच्या आणि २,५०० हर्ट्झच्या वरच्या कंपनांचा फारच थोडा अंश मेणापर्यंत पोहोचतो, तर मधल्या काही कंप्रतांवर कर्णा स्वतःच घुमतो आणि त्यांना नसता उठाव देतो. जुन्या तबकड्यांतला तो ओळखीचा, नाकातून आल्यासारखा आवाज येतो तो त्या घुमण्यामुळे. वादकांचा त्यात दोष नाही.

वाद्यांचा तोल साधायला अंतराखेरीज दुसरे साधन नव्हते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे ती इतकी घटत नाही, पण घटते हे नक्की. या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवणारा एकवीस वर्षांचा तरुण होता लुई आर्मस्ट्राँग. त्याचा स्वर इतका भरदार होता की तो ऑलिव्हरच्या शेजारी उभा राहिला की ऑलिव्हर ऐकूच येत नसे. म्हणून त्याला इतरांपासून बारा-पंधरा फूट मागे उभे करण्यात आले, अशी आठवण बँडची पियानोवादक लिल हार्डिन हिने पुढे सांगितली. त्या मुद्रणांत तो दुरून वाजवताना ऐकू येतो तो यामुळे, आणि तरीही त्याचा स्वर झाकला जात नाही.

सर्वांत मोठा अन्याय झाला तो तालवाद्यांवर. मोठ्या ढोलाच्या ठोक्याने कोरणीला असा हिसका बसे की चर बिघडून तबकडी वाया जाण्याची भीती असे, त्यामुळे ढोलवादक बेबी डॉड्स याला लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. मंद्र स्वरांचे तंतुवाद्य वाजवणारा बिल जॉन्सन येथे बँजो घेऊन बसला, कारण बँजोचा टणक आघात नेमका कर्ण्याच्या टप्प्यात येतो. इतर अनेक बँडनी मंद्र स्वरांसाठी ट्यूबा हे फुंकवाद्य वापरले. ट्यूबाचा ६० हर्ट्झचा स्वर त्या मेणात जवळजवळ उमटतच नाही. उमटतात ते त्याचे २४०, ३००, ३६० हर्ट्झचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबरच निघणारे, त्याच्या पटीतले वरचे स्वर. पण या उपस्वरांमधले अंतर ६० हर्ट्झचेच असल्यामुळे आपला मेंदू तबकडीवर नसलेला मूळ स्वर स्वतः भरून काढतो. हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

मेणावरून साचे तयार होत आणि साच्यांतून बाजारात जाणाऱ्या तबकड्या दाबून काढल्या जात. त्यांतला चिकटवणारा घटक होता लाख, म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या कीटकाचा स्राव, आणि जगाला तिचा मोठा पुरवठा भारतातूनच होत असे. त्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. तिच्या घर्षणाने पोलादी सुई चराच्या आकाराला घासून बसे, आणि त्याच घर्षणाची खरखर आज आपल्याला ऐकू येते.

ही खरखर संगणकाने काढता येते, पण अतिउत्साहाने काढली तर तिच्याबरोबर कॉर्नेटची धारही निघून जाते, म्हणून मला हलक्या हाताने केलेली पुनर्मुद्रणेच पसंत आहेत. त्याहून अवघड प्रश्न वेगाचा आहे. मिनिटाला ७८ फेरे हा तेव्हा पक्का नियम नव्हता. ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८वर वाजवली तर वेग पाच टक्क्यांहून अधिक वाढतो, आणि सगळा बँड जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढतो. येथे वाद्यांची घडण साक्षीला येते. कॉर्नेट, क्लॅरिनेट यांना बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा पट्ट्या सोयीच्या. म्हणून एखादी तबकडी त्यांच्याहून अर्ध्या स्वराने वरच्या बी किंवा ई या अवघड पट्टीत ऐकू आली तर जाणकार आधी वेगावर संशय घेतो.

१९२५ साली व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत मुद्रणपद्धती स्वीकारली आणि मायक्रोफोनमुळे ऐकू येणारा पट्टा सुमारे १०० ते ५,००० हर्ट्झपर्यंत रुंदावला. ढोल आणि मंद्र तंतुवाद्ये यांना हळूहळू तबकडीवर जागा मिळाली. ऑलिव्हरचा तो मूळ संच मात्र त्याआधीच, १९२४ साली, फुटला होता. बेबी डॉड्सने १९४०च्या दशकात मायक्रोफोनसमोर आपल्या ढोलाची एकल मुद्रणे केली. ती ऐकून मग रिचमंडच्या तबकड्या लावल्या, तर लाकडी ठोकळ्यांच्या त्या टकटकीत कोणता आघात कोणत्या ढोलाच्या जागी आला असावा, याचा बराचसा अंदाज बांधता येतो.