भुंगेरे आणि रात्रफुलांचा गंध

विषय आहे परागसिंचनासाठी मुख्यतः भुंगेऱ्यांवर (टणक पंखांचे कीटक, इंग्रजीत बीटल) विसंबणाऱ्या, रात्री फुलणाऱ्या वनस्पतींच्या गंधद्रव्यांचा. गोव्यात रात्रीचे फूल म्हटले की परसातली रातराणी नाहीतर पारिजात आठवतो. ती पतंगांची फुले. भुंगेऱ्यांच्या फुलांचा वास वेणीत माळण्याजोगा क्वचितच असतो; तो पिकून उतरलेल्या फळाचा, नाहीतर सरळ कुजक्या मांसाचा. अंधारात रंग फारसा कामाचा नाही, त्यामुळे सगळी मदार वासावर.

याचा अस्सल नमुना सुरण. पहिल्या सरी पडल्या की मांगरामागे, पान फुटण्याआधीच, त्याचा फुलोरा जमिनीतून वर येतो. भोवती जांभळट झालर, मध्ये सुरकुतलेला गडद जांभळा गोळा. त्याखाली नरफुलांचा पट्टा आणि तळाशी मादीफुले. फुलताना गोळा आतून तापतो आणि त्या उष्णतेवर वास पसरतो. घरातली माणसे मेलेला उंदीर शोधत फिरतात! त्यात अन्याय काही नाही: वासातली डायमिथिल डायसल्फाइड व डायमिथिल ट्रायसल्फाइड ही गंधकयुक्त द्रव्ये कुजणाऱ्या मांसातूनही सुटतात. भुंगेरे फसून आत शिरतात. आधी मादीफुले तयार होतात, नरफुलांचे पराग नंतर झडतात; म्हणून अंगावर पराग घेऊन निघालेला भुंगेरा दुसऱ्या सुरणाकडे गेला तरच फुलोऱ्याचे काम साधते. शेतकऱ्याला याचे सोयरसुतक नाही, सुरण गड्ड्यांवरूनच लावतात.

सीताफळाच्या कुळाचा मार्ग वेगळा. जाड, जेमतेम उघडणाऱ्या पाकळ्या आणि फळासारखा वास. हिरवा चाफा याच कुळातला. त्याचे हिरवे फूल पिवळे पडू लागले की पिकल्या फळाचा घमघमाट सुटतो. असे वास बहुधा एस्टर वर्गातल्या द्रव्यांचे असतात. ब्राझीलमधल्या २०१२ च्या अभ्यासात मात्र एक अनपेक्षित द्रव्य हाती लागले, ४-मिथिल-५-व्हिनिलथायाझोल. या कुळातल्या काही झाडांत आणि आपल्याकडे कुंडीत शोभेला लावतात त्या कॅलेडियममध्येही ते सापडले. नाते दूरचे, पण निशाचर भुंगेऱ्यांना बोलावण्याचे द्रव्य एकच.

फोंड्याकडच्या कुळागरांत पोफळीच्या सावलीत वाढणारे जायफळही याच विषयात मोडते. बीचा सुवास सॅबिनीन, मिरिस्टिसिन वगैरेंचा. फुलाच्या वासाशी त्याची गल्लत करू नये. फूल फिकट पिवळे, बोराएवढेही नाही, लोंबते घंटेसारखे आणि उमलते रात्री. दक्षिण भारतातल्या झाडांवरच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा परागवाहक म्हणून मुंगीसारखा दिसणारा एक चिमुकला भुंगेरा नोंदला आहे. नर व मादी झाडे वेगळी असल्याने त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जावेच लागते. म्हणूनच बागेतले सगळे नर तोडत नाहीत; साधारण दहा मादी झाडांमागे एक राखतात.