एका सेटिंगमध्ये जास्त पीस: वेळ कुठे जातो, कुठे वाचतो

आम्ही प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर ग्राहकांच्या ड्रॉइंगप्रमाणे भाग (पीस) कापून देतो. एका पीसचा दर ऐकून ग्राहक थबकतात आणि पन्नास पीसचा दर ऐकून चकित होतात. ड्रॉइंग तेच, मटेरियल तेच, मग दर इतका खाली कसा आला, असं बरेच जण विचारतात. फरक सेटिंगच्या वेळेमुळे पडतो.

कटिंग सुरू होण्याआधी आम्हाला बरंच काही करावं लागतं. डायल लावून व्हाईस (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, आवळून धरणारा शिकंजा) सरळ करायचा, एज फाइंडरने जॉबची कड शोधून शून्य, म्हणजे मापं मोजायची सुरुवातीची जागा, घ्यायचं, प्रत्येक टूलची लांबी मोजून तो आकडा (ऑफसेट) मशीनमध्ये भरायचा, प्रोग्रॅम हवेत चालवून बघायचा, पहिला पीस काढून मोजायचा. समजा, याला ९० मिनिटं लागली आणि एका पीसचं कटिंग ६ मिनिटांचं आहे. एकच पीस केला तर त्याला ९६ मिनिटं पडतात. १० केले तर प्रत्येकी १५ आणि ५० केले तर ७.८ मिनिटं.

पीस जास्त असतील तर आम्ही टेबलावर एकाऐवजी सहा जॉब बांधतो. शून्याची जागा नोंदवायला मशीनमध्ये जी ५४ ते जी ५९ या कोडचे सहा ऑफसेट असतात, त्यामुळे प्रत्येक जॉबचं शून्य वेगळं नोंदवता येतं आणि प्रोग्रॅम तोच चालतो. खरा फायदा टूल बदलण्यात होतो. पाच टूलचा जॉब एकेक करून केला तर सहा पीसमध्ये ३० वेळा टूल बदलतं. सहाही एकत्र बांधले की एक टूल सगळ्या जॉबवर फिरून येतं आणि मगच बदलतं, म्हणजे फक्त ५ वेळा. शिवाय ऑपरेटरला दर सहा मिनिटांनी दार उघडावं लागत नाही.

यात धोकाही आहे. एक ऑफसेट चुकीचा भरला की टूल जॉबवर किंवा व्हाईसवर आदळू शकतं. म्हणून पहिला पीस आम्ही एकटाच बांधून काढतो, पूर्ण मोजतो आणि नंतरच बाकीचे लावतो. ही वेळ वाचवायची आमची तयारी नाही.

सेटिंगची वेळ कमी करण्याचा विचार जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी फार नेटाने मांडला. १९५० साली हिरोशिमाच्या एका मोटार कारखान्यात प्रेसचा डाय (साचा) बदलताना एक बोल्ट सापडेना, आणि कामगार तो शोधत फिरत राहिला. तोवर प्रेस बंदच. मशीन थांबवूनच करायची कामं कोणती आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कोणती, ही शिंगोंची विभागणी तिथूनच सुरू झाली. आम्हीही तेच करतो. चालू लॉट संपायच्या आत पुढच्या जॉबची टूल्स होल्डरमध्ये बसवून, लांबी मोजून ट्रॉलीवर तयार असतात. ब्लँक (जॉबसाठीचे कच्चे तुकडे) एकाच मापात कापलेले असतात. व्हाईसच्या फिक्स्ड जॉच्या (न हलणाऱ्या जबड्याच्या) कडेला स्टॉपर असतो, त्यामुळे जॉब टेकवून आवळला की पुन्हा शून्य घ्यावं लागत नाही. गोल किंवा वेड्यावाकड्या आकारासाठी सॉफ्ट जॉ (कापता येणारे मऊ जबडे) जॉबच्याच आकारात कापून घेतो आणि जपून ठेवतो. तुमची ऑर्डर सहा महिन्यांनी परत आली तर तेच बसवून पुन्हा हलकासा कट घेतला की काम सुरू.

मात्र दोन-तीन पीससाठी खास फिक्स्चर (त्या जॉबलाच धरणारी पकड) बनवणं परवडत नाही. तशी ऑर्डर असेल तर आम्ही साधा व्हाईसच वापरतो आणि तसं आधीच सांगतो.

तुमच्या बाजूनेही बरंच करता येतं. एकाच प्लेटवर एम ५ आणि एम ६ असे दोन मापांचे आटे असतील तर दोन ड्रिल आणि आटे पाडणारे दोन टॅप लावावे लागतात: ४.२ मिमीचं ड्रिल एम ५ साठी, ५ मिमीचं एम ६ साठी. असेंब्लीला चालत असेल तर सगळीकडे एम ६ ठेवा, दोन टूल कमी झाली. शक्य तितकी भोकं आणि खाचे एकाच बाजूने येऊ द्या. जॉब उलटा केला की नवं सेटिंग आलंच, आणि दोन्ही बाजूंचं माप जुळवायची चिंताही आली. डावा आणि उजवा असे जोडीचे भाग असतील तर दोन्ही ड्रॉइंग एकत्रच पाठवा. वेगवेगळ्या आठवड्यांत आले की तोच व्हाईस दोनदा लावावा लागतो.

चौकशी पाठवताना आत्ता लागणारे पीस, वर्षभरात लागतील असे पीस आणि कोणत्या मापांवर खरोखर बारीक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) हवा आहे, एवढं लिहा. फिक्स्चर करायचं की नाही हे आम्ही त्यावरच ठरवतो.