कोडातून बाहेर पडलेल्या व्हॅल्यू: कॉन्फिगरेशन इंजेक्शनची पार्श्वभूमी

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्या. नवती, पिलबाग, वापसी यांचे भाव रोज हलतात. ते डेटाबेसात जातात, त्यांना कॉन्फिगरेशन म्हणू नये. कॉन्फिगरेशन म्हणजे डेटाबेसचा पत्ता, एसएमएस सेवेची गुप्त की, पावतीवर छापायचं शाखेचं नाव. रावेरला एक, सावद्याला दुसरं, कोड मात्र तोच. या व्हॅल्यू ऑब्जेक्टच्या, म्हणजे कोडातल्या काम करणाऱ्या घटकाच्या, हातात बाहेरून कोणी द्यायच्या (हेच कॉन्फिगरेशन इंजेक्शन), यावर जावा या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनी बरीच वर्षं डोकं खपवलं.

१९९६ च्या जावा १.० पासून प्रॉपर्टीज फाइल आहे. डावीकडे नाव, उजवीकडे व्हॅल्यू, संपलं. पण स्ट्रीममधून, म्हणजे कच्च्या बाइट्समधून, वाचताना जावा ही फाइल लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय भाषांच्या अक्षरसंकेतात आहे असं धरून वाचतं. तिच्यात सरळ 'सावदा' लिहिलं की पावतीवर भलतीच चिन्हं उमटतात. म्हणून स, काना, व अशा प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक टाकायचा. तीन अक्षरी गावाचं नाव ओळखू येईनासं होतं. जावा ६ पासून रीडर, म्हणजे अक्षरं वाचणारा ऑब्जेक्ट, देऊन यूटीएफ-८ हा देवनागरी पेलणारा संकेत वाचता येतो, तरी स्ट्रीमचा नियम जुनाच राहिला. मराठी नावं असतील तर स्प्रिंग बूट या जावाच्या साधनात यामल ही दुसऱ्या मांडणीची फाइल बरी, असं माझं मत.

फाइल झाली, पण ती उघडायची कोणी? सुरुवातीला ज्याला गरज तो क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, स्वतःच उघडायचा. ईजेबी या सर्व्हरवरच्या जावा घटकांच्या काळात तो जेएनडीआय या नावांच्या नोंदवहीत नाव शोधायचा. दोन्हीकडे ऑब्जेक्टच दारोदार हिंडणार, आणि टेस्ट लिहायची तर अख्खा सर्व्हर उभा करा.

रॉड जॉन्सन यांच्या २००२ च्या पुस्तकासोबतच्या कोडातून स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क वाढलं. जानेवारी २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांनी ऑब्जेक्टला लागणाऱ्या गोष्टी बाहेरून देण्याला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव रूढ केलं आणि मार्चमध्ये स्प्रिंग १.० आलं. त्यात एक्सएमएल या मांडणीच्या फाइलमध्ये डॉलर आणि महिरपी कंसात की, म्हणजे प्रॉपर्टीज फाइलमधलं डावीकडचं नाव, लिहायची; कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवणारा स्प्रिंगचा भाग, फाइलमधली व्हॅल्यू तिथे भरायचा. ऑब्जेक्टला फाइलचा पत्ताही नको. २००७ मध्ये गूगलच्या ग्वीस या फ्रेमवर्कने हेच एक्सएमएलशिवाय, नाव दिलेल्या बाइंडिंगने, म्हणजे कोडातच नावाशी व्हॅल्यू जोडून, केलं.

डिसेंबर २००९ च्या स्प्रिंग ३.० ने व्हॅल्यू नावाची कोडावर लावायची खूण, म्हणजे अ‍ॅनोटेशन आणलं आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. फील्डवर, म्हणजे ऑब्जेक्टमधल्या व्हॅल्यूच्या जागेवर, एक ओळ लिहिली की काम फत्ते! पण फील्ड भरतं ते कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट घडवणारा कोड, चालून गेल्यावर. कन्स्ट्रक्टरमध्ये ते वापरलं तर हाती नल, म्हणजे काहीच नाही. प्लेसहोल्डर, म्हणजे ती डॉलर-कंसातली की, सोडवणारा बीन (कंटेनरने सांभाळलेला ऑब्जेक्ट) लावायचा राहिला तर तेव्हाच्या साध्या स्प्रिंगमध्ये शाखेच्या नावाऐवजी डॉलर-कंसासकट कीच छापली जायची. शिवाय एकच की दहा क्लासांत विखुरलेली, नाव बदलायचं तर शोधत बसा.

२०११ मध्ये दोन गोष्टी एकाच वर्षी आल्या. हेरोकू या क्लाउड सेवेच्या मंडळींनी ट्वेल्व्ह-फॅक्टर या बारा नियमांच्या मांडणीत कॉन्फिगरेशन एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमने प्रोग्रामला दिलेल्या व्हॅल्यूंत, ठेवायचा आग्रह धरला, तर स्प्रिंग ३.१ ने प्रोफाइल, म्हणजे परिस्थितीनुसार वेगळे सेटिंग्जचे संच, आणि अनेक स्रोतांची उतरंड दिली. एप्रिल २०१४ च्या स्प्रिंग बूट १.० ने सगळ्या संबंधित की एका क्लासात बांधायची सोय केली आणि २०१९ च्या २.२ मध्ये ते बांधकाम कन्स्ट्रक्टरमधूनही होऊ लागलं. डेटाबेसचा पत्ता राहिला, तर तपासणीचं अ‍ॅनोटेशन लावलेलं सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. टेस्टमध्ये त्या क्लासाला फ्रेमवर्क लागतही नाही: ऑब्जेक्ट बनवणारा 'न्यू' शब्द लिहा, शाखेचं नाव द्या.