मामाची पेन्सिल आणि फेवरिट घोडा

आमच्या मामाला रेसबुक वाचायला दोन गोष्टी लागतात, एक बारीक टोकाची पेन्सिल आणि दुसरं म्हणजे मध्येमध्ये न बोलणारं माणूस. मी त्यातलं दुसरं नाही, त्यामुळे पुण्याच्या रेसकोर्सवर त्याच्यासोबत पहिल्यांदा गेलो तेव्हा आठव्या मिनिटाला विचारलंच, की अरे मामा हे सगळं बघून जिंकणारा घोडा खरंच कळतो का? मामा म्हणाला, घोडामैदान जवळच आहे, बघ आता.

मी पैसे लावत नाही. पण आकडे आवडतात, आणि रेसबुक म्हणजे आकड्यांची खाणच असते. घोड्याचं वय, आई-बाप, पाठीवर किती किलो, गेल्या शर्यतींत कितवा आला, जॉकी कोण, ट्रेनर कोण, कुठल्या गेटातून सुटणार, डोळ्यांच्या बाजूला ब्लिंकर्स म्हणजे झापडं आहेत का, सगळं एका ओळीत. आणि असे दिवसाला सात-आठ शर्यतींचे कार्ड.

आता गंमत बघा. बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात, म्हणजे घोडा जितका चांगला तितकं त्याच्या पाठीवर वजन जास्त. क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो आणि त्यावरून वजन ठरतं, जॉकी हलका भरला तर खोगिराच्या कापडात शिशाचे तुकडे घालून ते पुरं करतात, शर्यतीआधी वजन आणि शर्यतीनंतर परत वजन. ह्या माणसाचं स्वप्न काय, तर सगळे घोडे एकदम एका रेषेत पोचावेत. म्हणजे जिंकणारा ओळखता येऊ नये म्हणून एक माणूस पगार घेऊन बसलाय आणि आपण पेन्सिल घेऊन त्याच्या विरुद्ध बसतो.

फरक किती बारीक असतो तेही बघू. घोड्याची एक लांबी साधारण २.४ मीटर धरतात. १६०० मीटरच्या शर्यतीत एका लांबीने हरणं म्हणजे ०.१५ टक्क्याचा फरक. चांगला घोडा हे अंतर ९७-९८ सेकंदांत कापतो, त्यात एक लांबी म्हणजे जेमतेम सेकंदाचा सातवा हिस्सा. गेटातून सुटताना अर्धं पाऊल घसरलं, वळणावर बाहेरून जावं लागलं, की झालं. त्यामुळे "कोण जिंकेल" याचं उत्तर नाव नसतंच, टक्केवारी असते.

शरीराचं विज्ञान पण यात आहे, पण ते रेसबुकात अर्धंच दिसतं. धावायला लागला की घोड्याची प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासवरून ६० च्या पुढे जातं. हे सगळ्याच घोड्यांना आहे म्हणून त्यावरून निवड करता येत नाही. उलट आई-बापांची नावं कामाची. २०१० मध्ये डब्लिनच्या एमेलीन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाचा संबंध अंतराशी जोडला, एका प्रकारचे घोडे छोट्या अंतराला चांगले, दुसऱ्या प्रकारचे लांब अंतराला, आणि दोन्हींची एकेक प्रत असलेले मधल्या अंतराला. जुने पंटर, म्हणजे पैसे लावणारे, हेच "बाप स्प्रिंटर होता" असं म्हणून सांगायचे, लॅब नसताना. पुण्यात सीझन पावसाळ्यात असतो, तेव्हा ट्रॅक किती मऊ ते पण महत्त्वाचं, जमिनीत दांडी घुसवून मोजायचं पेनेट्रोमीटर नावाचं यंत्र असतं आणि मामा त्याचा आकडा आधी विचारतो, चहा नंतर.

मग एवढं सगळं एकत्र करायचं कसं? १९८६ मध्ये रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन या दोन संशोधकांनी एक रीत मांडली. प्रत्येक घोड्याला रेटिंग, वजन, जॉकी, गेट वगैरेवरून गुण द्यायचे, कुठल्या गोष्टीला किती महत्त्व ते जुन्या शर्यतींतूनच शिकायचं, आणि मग त्या गुणांचं असं रूपांतर करायचं की शर्यतीतल्या सगळ्यांची मिळून टक्केवारी बरोबर १०० होईल. म्हणजे घोडा एकटा चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, आज समोर कोण आहे हा प्रश्न.

पण घोडं पेंड खातं ते वेगळ्याच जागी. रेसकोर्सवर हजारो लोक हेच रेसबुक वाचून पैसे लावतात, आणि त्यांच्या सगळ्यांच्या पैशांतून भाव बनतो. भाव म्हणजे गर्दीने काढलेली टक्केवारी. हिशोब सोपा आहे. समजा सहा घोडे आहेत आणि बुकीचे भाव असे, की १०० रुपये लावले तर फेवरिट, म्हणजे लोकांचा सगळ्यात आवडता घोडा, जिंकल्यावर आपले १०० परत आणि वर १५० देतो, दुसरा २५०, मग ४००, ६००, १००० आणि शेवटचा १४००. १५० वाल्याची टक्केवारी काढायची तर १०० भागिले २५०, म्हणजे ४०. तसंच पुढे साधारण २८.६, २०, १४.३, ९.१, ६.७. बेरीज करा, ११८.६ येते! शंभरावरचा तो १८.६ बुकीचा गल्ला. तो काढून टाकायला प्रत्येकाला ११८.६ ने भागून १०० ने गुणायचं, की फेवरिटची खरी शक्यता ३४ टक्के उरते. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे, पण तेच, तिथे बुकीच्या ऐवजी मशीन कमिशन कापतं, आणि वर जीएसटी, जो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय. म्हणजे खड्ड्यात उभं राहून उडी मारायची.

मी मामाला हे ३४ टक्के अभिमानाने सांगितलं. फेवरिट दुसरा आला. मामा म्हणाला, "हरला तरी तुझं बरोबर, जिंकला असता तरी तुझं बरोबर. मग तुझं चुकतं कधी?"

प्रश्न एकदम रास्त आहे. उत्तर असं की एका शर्यतीवरून कळतच नाही. शेकडो शर्यती घ्यायच्या, ज्या घोड्यांना भावाने २० टक्के दिले ते सगळे एका ढिगात टाकायचे, आणि त्यातले पाचातला एक जिंकतो का ते बघायचं. असं तपासलं तर गर्दी आश्चर्यकारक हुशार निघते. फक्त एक खोड तिला आहे, जी आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये दाखवली, लोक जिंकायची शक्यता कमी पण भाव मोठा अशा घोड्यावर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेवरिटवर थोडे कमी. लॉटरीचाच मोह तो, शंभराचे दीड हजार झाले तर काय करू याचं स्वप्न पण त्याच किमतीत मिळतं. सगळीकडे मात्र ही खोड सारखी नाही, हाँगकाँगच्या टोटवर ती जवळजवळ दिसली नाही असं अभ्यास सांगतात.

हाँगकाँग म्हटलं की बिल बेंटर आलेच, घोड्यांवर पैसे लावणं हाच धंदा असलेले. १९८० च्या दशकात हा माणूस तिथे गेला, कॉम्प्युटरवर घोड्यांचं मॉडेल बनवलं, आणि १९९४ मध्ये त्याने आपली पद्धत चक्क छापून टाकली. मला त्यातला एकच मुद्दा भारी वाटतो. त्याचं मॉडेल म्हणायचं घोडा ३० टक्क्यांचा, गर्दी म्हणायची १० चा, तर खरं उत्तर सहसा मधे कुठेतरी असायचं. कारण कोणीतरी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, घोडा लंगडताना पाहिलेला असतो, तबेल्यातल्या कोणाला खोकला ऐकू आलेला असतो, आणि ते आकड्यांच्या फायलीत नसतं, भावात असतं. म्हणून बेंटरने मॉडेलमध्ये भावच घुसवला. एकदा भावाला मान दिला की मगच त्याच्यातली चूक दिसते. मामा नेमका उलटा, तो भाव शेवटी बघतो, मन ठरल्यावर.

आणि टिप्सवाल्यांचं पण सांगून टाकतो. फेवरिट साधारण तीनातून एकदा जिंकतो असं धरा. दिवसाच्या आठ शर्यतींत नुसते फेवरिट सांगत बसलं तरी किमान एक बरोबर यायची शक्यता ९६ टक्के आहे, म्हणून संध्याकाळी "आम्ही सांगितलं होतं" म्हणायला प्रत्येकाकडे काहीतरी असतंच. तेच जॅकपॉटला, म्हणजे लागोपाठच्या पाच शर्यतींच्या पैजेला, पाचही बरोबर हवेत म्हटलं की २४३ मध्ये एकदा. त्याच हुशारीतून हे दोन्ही आकडे निघतात, एक पोस्टरवर जातो, दुसरा जात नाही.

मामाला मी एक वही आणून दिली, कॉलम पाडून, घोड्याचं नाव, स्वतः दिलेली टक्केवारी, भावाची टक्केवारी, निकाल. चारशे शर्यती भरल्यावर बघू म्हणालो. पहिल्या महिन्यात त्याने स्वतःच्या कॉलमात सगळीकडे ५० लिहिलं होतं, एका शर्यतीत तीन घोड्यांना. बेरीज दीडशे होते म्हटल्यावर तो म्हणाला, तो माझा गल्ला.