‘डिटॉक्स’चं भिजत घोंगडं

डिसेंबर २०२१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन आवृत्तीत एक नवं कथानक आलं. डॉ. ड्रे नावाच्या बड्या संगीत निर्मात्याचा फोन हरवलाय, त्यात त्याची कुणीही न ऐकलेली गाणी आहेत, ती भलत्यांच्या हाती लागलीत आणि खेळणाऱ्याने ती परत मिळवून द्यायची. गेममधला ड्रे म्हणजे खुद्द डॉ. ड्रेच होता. चेहरा त्याचा, आवाज त्याचा, सोबत आलेली सहा नवीकोरी गाणीही त्याचीच. ज्यांनी आधीची वीसेक वर्षं या माणसाच्या एका अल्बमची वाट बघण्यात घालवली होती, त्यांनी हसावं की कपाळावर हात मारावा? तो अल्बम म्हणजे ‘डिटॉक्स’. आजही तो दुकानात नाही, स्ट्रीमिंगवर नाही, कुठेच नाही.

नावापासूनच सुरुवात करू, कारण निम्मी गोष्ट नावातच आहे. कॅलिफोर्नियाच्या बोलीत ‘क्रॉनिक’ म्हणजे अव्वल दर्जाचा गांजा. ड्रेच्या पहिल्या अल्बमचं नाव ‘द क्रॉनिक’. दुसऱ्याचं नाव नुसतंच ‘२००१’, पण त्याच्या काळ्या मुखपृष्ठावर गांजाचं पान होतंच. तिसरा, आणि त्याने सांगितल्याप्रमाणे शेवटचा, ‘डिटॉक्स’. नशा, पुन्हा नशा, आणि मग अंगातलं सगळं उतरवून घरी. निरोपाच्या अल्बमला याहून नेमकं नाव सुचणं कठीण. पण शेवटचा म्हणून एकदा जाहीर झालेल्या अल्बमला चुकण्याची मुभा राहत नाही. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला असं मला वाटतं.

ड्रेचं खरं नाव आंद्रे यंग. जन्म १९६५ चा, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या कॉम्प्टनचा. ऐंशीच्या दशकात तो क्लबात रेकॉर्डी वाजवायचा; मग ‘एन.डब्ल्यू.ए.’ या रॅप गटाच्या १९८८ मधल्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ने अमेरिकेची झोप उडवली, तेव्हा त्या अल्बमच्या आवाजामागचा मुख्य हात त्याचा होता. पैशांच्या वादातून तो तिथून बाहेर पडला, शुग नाइटबरोबर ‘डेथ रो’ ही रेकॉर्ड कंपनी उभी केली आणि डिसेंबर १९९२ मध्ये ‘द क्रॉनिक’ आणला.

इथे एक खुलासा. हिप-हॉपमधला ‘प्रोड्यूसर’ आणि आपल्या सिनेमाचा निर्माता यांचा संबंध नाही. आपल्याकडे संगीतकार, संयोजक आणि ध्वनिमुद्रक अशी तीन माणसं मिळून जे करतात, ते इथे बऱ्याचदा एकाच खुर्चीत बसून होतं. त्या काळी बहुतेक जण जुन्या रेकॉर्डीतला तुकडा कापून तसाच फिरवत ठेवायचे. ड्रेला ते पुरेना. तो वादक बोलवायचा आणि तोच तुकडा नव्याने वाजवून घ्यायचा, म्हणजे बास हवा तेवढा जाड करता येतो, ठेका हवा तेवढा मागे ओढता येतो, आणि वर सिंथेसायझरची ती किनरी, पिपाणीसारखी रेघ सोडता येते. ‘नथिंग बट अ जी थँग’ असं घडलं. खाली लिऑन हेवूडचं १९७५ मधलं गाणं, वर एकवीस वर्षांचा, जवळजवळ अनोळखी रॅपर स्नूप डॉग. या वाजवण्याला पुढे ‘जी-फंक’ म्हणू लागले. २०२० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतला.

आणखी एक गोष्ट, जी चाहते सांगताना जरा आवाज खाली करतात: ड्रे लिहीत नाही, म्हणजे फारसं नाहीच. ‘द क्रॉनिक’मधले बरेच शब्द स्नूपचे आणि द डी.ओ.सी.चे होते. डी.ओ.सी. हा स्वतः उत्तम रॅपर. १९८९ च्या मोटार अपघातात त्याचा आवाज गेला आणि लेखणी तेवढी उरली. ड्रेचा मोठेपणा माणसं पारखण्यात, त्यांच्याकडून पंचवीस वेळा तीच ओळ म्हणवून घेण्यात आणि शेवटी मिक्सिंगच्या टेबलावर बसून सगळं घासूनपुसून लख्ख करण्यात. त्याचा प्रत्येक मोठा अल्बम जमून आलेल्या मैफिलीसारखा आहे. मैफील जमली तर जमली. तारीख ठरवून ती जमत नाही.

दुसऱ्यांदा ती जमली १९९९ मध्ये. मधल्या काळात ‘डेथ रो’तल्या मारामाऱ्यांना कंटाळून तो १९९६ मध्ये बाहेर पडला, ‘इंटरस्कोप’ या रेकॉर्ड कंपनीच्या छत्राखाली ‘आफ्टरमाथ’ ही स्वतःची कंपनी काढली, आणि तिचा पहिला संग्रह थंडा गेला. ड्रे संपला, असं लोक म्हणू लागले होते. तेवढ्यात इंटरस्कोपच्या जिमी आयोव्हिनने त्याला डेट्रॉइटच्या एका गोऱ्या पोराची टेप ऐकवली. एमिनेम आला आणि हवा फिरली. नोव्हेंबर १९९९ मध्ये ड्रेचा दुसरा अल्बम आला. त्याच्या नावात ‘२०००’ आणि ‘क्रॉनिक’ असणार होतं, पण शुग नाइटने काही महिने आधीच ‘क्रॉनिक २०००’ नावाचा संग्रह बाजारात ढकलून कुरघोडी केली. म्हणून मग ‘२००१’. ‘स्टिल डी.आर.ई.’ या त्यातल्या गाण्याचे शब्द न्यूयॉर्कचा रॅपर जे-झी याने लिहिले आणि पियानोचे ते टोचणारे सूर स्कॉट स्टॉर्चने वाजवले. एकट्या अमेरिकेत वर्षभरातच साठ लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं.

या उंचीवर उभं राहून २००२ मध्ये त्याने ‘डिटॉक्स’ची घोषणा केली. कल्पना आजही ऐकावीशी वाटते: सुटी गाणी नाहीत, अथपासून इतिपर्यंत एकच गोष्ट, एका भाडोत्री मारेकऱ्याच्या नजरेतून सांगितलेली. ड्रे तेव्हा सदतीस वर्षांचा होता. रस्त्यावरची जिंदगी आता त्याची राहिली नव्हती, करोडपती माणसाने गल्लीतल्या मारामाऱ्या ‘मी’ म्हणून सांगणं खोटं वाटलं असतं. पात्राच्या तोंडून सांगितलं की प्रश्न मिटतो. चांगला मार्ग होता. पण एकसंध कथेसाठी कुणीतरी लेखक म्हणून बैठक मारावी लागते, आणि या माणसाची पद्धत नेमकी उलटी: आधी ठेका, मग माणसं, मग जे सुचेल ते.

त्याच वर्षी आफ्टरमाथचा आपल्याशी थेट संबंध आला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं ‘अॅडिक्टिव्ह’ हे गाणं ड्रेच्या कंपनीने काढलं आणि ते अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. ते सुरू होतं लता मंगेशकरांच्या आवाजाने! १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेलं ‘थोडा रेशम लगता है’. हा ठेका बांधला होता डीजे क्विकने. टीव्हीवर हिंदी चॅनेल लागलं आणि गाणं कानात बसलं, असं तो सांगतो. परवानगी मात्र कुणी विचारली नव्हती. खटला झाला, आणि बप्पीदांचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकायचा नाही असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ च्या सुरुवातीला दिला. हक्क नेमका कुणाचा, यावरचं भांडण पुढे बरीच वर्षं चाललं, ते असो. आपल्याकडे अनेकांनी ‘आफ्टरमाथ’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते या बातमीत.

इकडे ‘डिटॉक्स’ मागे पडत चालला होता, आणि त्याचं कारण रिकामपण नव्हतं. २००३ मध्ये फिफ्टी सेंट या रॅपरचा पहिला मोठा अल्बम आला. ‘इन द क्लब’चा ठेका ड्रे आणि माइक एलिझोंडोचा. २००५ च्या जानेवारीत ‘द गेम’ नावाच्या रॅपरचा अल्बम आला. एमिनेमचं काम चालूच. २००४ मध्ये तर ड्रेने ‘डिटॉक्स’ बाजूला ठेवल्याचं सांगूनही टाकलं, दुसऱ्यांच्या अल्बमकडे लक्ष द्यायचंय म्हणून. वर्ष सरायच्या आत मत बदललं आणि २००५ चा वायदा झाला. द गेमच्या अल्बममध्येच, ‘हायर’ या गाण्यात, ड्रे स्वतः ‘डिटॉक्स’कडे लक्ष ठेवा असं सांगताना ऐकू येतो. जाहिरात स्वतःच्या अल्बमची, पण चालली आहे दुसऱ्याच्या अल्बमवर, आपणच बनवलेल्या आवाजात. त्या काळातला ड्रे मला इथे सगळ्यात नेमका सापडतो. घरच्या लग्नासाठी म्हणून केलेले लाडू शेजारच्या प्रत्येक लग्नात वाढून झाले की घरी डबा रिकामाच राहायचा.

मग वायद्यांची वर्षं. २००८ मध्ये स्नूपने सांगितलं की अल्बम पूर्ण झालाय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रेचा वीस वर्षांचा मुलगा गेला. त्यापुढे अल्बमचा हिशेब विचारण्यात अर्थ नव्हता. २००९ मध्ये ‘डिटॉक्स’साठीच्या कामातलं काहीतरी लोकांच्या कानावर पडलं, तेही ‘डॉ. पेपर’ या शीतपेयाच्या जाहिरातीत. जाहिरातीचा सांगावा काय, तर सावकाश प्या, सावकाशीत मजा आहे. गंमत म्हणजे याच कंपनीने वर्षभरापूर्वी ‘गन्स एन’ रोझेस’ या रॉक बँडला डिवचलं होतं: तुमचा वर्षानुवर्षं रखडलेला ‘चायनीज डेमॉक्रसी’ २००८ मध्ये आला तर अमेरिकेत प्रत्येकाला एक कॅन फुकट. तो नोव्हेंबर २००८ मध्ये खरंच आला. ड्रेवर अशी पैज कुणी लावली नाही. कॅन वाचले असते.

२०१० च्या जूनमध्ये जे-झीबरोबरचं ‘अंडर प्रेशर’ अर्धवट अवस्थेतच फुटलं आणि इंटरनेटवर पसरलं. वीस वेळा घासल्याशिवाय काही बाहेर न काढणाऱ्या माणसाचं कच्चं काम जगाने ऐकावं, याचा त्याला किती संताप आला असेल याची कल्पना करता येते. त्या नोव्हेंबरात स्नूप आणि एकॉनबरोबरचं ‘कुश’ अधिकृतपणे आलं, फेब्रुवारी २०११ मध्ये एमिनेम आणि स्कायलर ग्रेबरोबरचं ‘आय नीड अ डॉक्टर’. दुसरं गाणं बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. पण जरा नावं बघा. ‘कुश’चा ठेका डीजे खलीलचा, ‘आय नीड अ डॉक्टर’चा अॅलेक्स दा किडचा. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या प्रोड्यूसरच्या अल्बमची दोन तोरणं, आणि दोन्ही दुसऱ्यांनी बांधलेली. त्या दुसऱ्या गाण्यात एमिनेम ड्रेला अक्षरशः हाका मारतो: ऊठ, परत ये. मला ते तेव्हाही जाहिरातीपेक्षा आजारपणाच्या चौकशीसारखं वाटलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी ड्रेने संगीतातून सुट्टी घेत असल्याचं जाहीर केलं.

हे सगळं चालू असताना त्याचं डोकं भलतीकडेही धावत होतं. २०१० मध्ये त्याने एका मुलाखतीत सांगितलं की ‘द प्लॅनेट्स’ नावाचा शब्दांविना अल्बम मनात आहे. प्रत्येक ग्रह कसा वाजेल ते ऐकवायचंय. तोही आला नाही.

आले ते हेडफोन. आयोव्हिनबरोबर २००६ मध्ये काढलेल्या ‘बीट्स’ कंपनीचे पहिले हेडफोन २००८ मध्ये बाजारात उतरले, आणि ड्रेचं नाव गाण्यांपेक्षा कानांवर जास्त दिसू लागलं. आपल्याकडेही त्या सुमारास एचपीचा लॅपटॉप किंवा एचटीसीचा फोन घेतलेल्यांना ते लाल ‘बी’ आठवत असेल. त्यातल्या कितींना हा ‘बी’ कॉम्प्टनहून आलाय हे ठाऊक होतं, कोण जाणे. २०१४ मध्ये अॅपलने ही कंपनी तीन अब्ज डॉलर्सना घेतली. ‘फोर्ब्स’च्या हिशेबाने त्या वर्षी ड्रेची कमाई ६२ कोटी डॉलर, सगळ्या संगीतकारांत सर्वाधिक. पंधरा वर्षांत स्वतःचा एकही अल्बम न काढता! पोटापाण्यासाठी ‘डिटॉक्स’ पूर्ण करण्याची गरज आता उरली नव्हती. उरलं होतं फक्त नाव राखणं, आणि नाव राखायला अल्बम न काढणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय.

कोंडी फुटली ती सिनेमामुळे. एन.डब्ल्यू.ए.वरचा चित्रपट २०१५ च्या ऑगस्टमध्ये येणार होता. त्याच्या चित्रीकरणाला जाऊन आपलंच तरुणपण पाहताना ड्रेला नवं काही सुचलं. १ ऑगस्टला अॅपलच्या रेडिओवर त्याने ‘कॉम्प्टन’ या नव्या अल्बमची घोषणा केली आणि ‘डिटॉक्स’चं काय झालं तेही सांगून टाकलं. मला तो आवडला नाही, चांगला झाला नव्हता, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मेहनत खूप केली, पण काम पुरेसं चांगलं उतरलं नाही. तेरा वर्षांत ऐकलेल्या स्पष्टीकरणांत हे सगळ्यात छोटं. आठवड्याभरात ‘कॉम्प्टन’ आला, पुन्हा माणसांनी भरलेला: केंड्रिक लमार, स्नूप, एमिनेम, आइस क्यूब, आणि फारसा कुणी न ऐकलेला अँडरसन पॅक. बिलबोर्डवर तो दुसऱ्या क्रमांकावर उतरला. त्यालाही ड्रेने आपला शेवटचाच म्हटलं होतं, पण त्यात मारेकरी नव्हता. म्हणूनच तो पूर्ण झाला असावा.

त्यानंतरही स्टुडिओतला एखादा फोटो दिसला की ‘डिटॉक्स’ची कुजबुज सुरू व्हायची. जानेवारी २०२१ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजाराने ड्रे रुग्णालयात होता. पुढच्या वर्षी १३ फेब्रुवारीला, कॉम्प्टनपासून फार दूर नसलेल्या इंगलवूडच्या स्टेडियममध्ये, तो सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात स्नूप, एमिनेम, फिफ्टी सेंट, केंड्रिक आणि मेरी जे. ब्लायज यांच्याबरोबर उभा होता. शेवटी त्याने पियानोवर बसून वाजवलं ते ‘स्टिल डी.आर.ई.’.

डिसेंबर २०२४ मध्ये ड्रेने घडवलेला एक अख्खा अल्बम आला, ‘मिशनरी’ नावाचा. १९९३ च्या ‘डॉगीस्टाइल’नंतर इतक्या वर्षांनी स्नूपसाठी त्याने केलेलं हे पुरं काम. मुखपृष्ठावर नाव अर्थातच स्नूपचं. त्याची पहिली वाच्यता २०२२ मध्ये झाली होती, म्हणजे दोनेक वर्षं लागली. ड्रेच्या मानाने घाईच.