अनोळखी माणसाला हात कोण देतं?

न्यूयॉर्कच्या फुटपाथवर एखाद्याचं पेन पडलं आणि कुणाच्या ते लक्षात आलं, तर तो "पेन पडलं तुमचं" एवढं ओरडून सांगतो आणि न थांबता निघून जातो. रिओ द जानेरोत लोक पेन उचलतात, मागे धावत येतात आणि हातात देतात. हा फरक टिपला रॉबर्ट लेव्हिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी. १९९० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २३ देशांतल्या २३ मोठ्या शहरांत तीन साधे प्रयोग केले. एकात चालता चालता नकळत पडल्यासारखं पेन पाडायचं. दुसऱ्यात पायाला पट्टा बांधून लंगडत जायचं, हातातली मासिकं पाडायची आणि ती उचलायला धडपडायचं. तिसऱ्यात काळा चष्मा लावून, पांढरी काठी घेऊन सिग्नलपाशी उभं राहायचं.

निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. रिओत सरासरी ९३ टक्के वेळा मदत मिळाली, कोस्टा रिकाच्या सान होझेत ९१ टक्के, मलावीतल्या लिलाँग्वेत ८६ टक्के. चौथा क्रमांक कोलकात्याचा, ८३ टक्के. तळाला न्यूयॉर्क (४५) आणि क्वालालंपूर (४०). रिओ, सान होझे, लिलाँग्वे, माद्रिद आणि प्राग या पाच शहरांत 'अंध' माणसाला दर वेळी कुणीतरी रस्ता ओलांडून दिला. काही शहरांत तर मदतीला आलेल्या माणसाचा निरोप कसा घ्यायचा, हाच प्रयोग करणाऱ्यांपुढे प्रश्न असे.

असं का व्हावं? ज्या देशांत लोकांची क्रयशक्ती जास्त, तिथल्या शहरांत मदत साधारणपणे कमी मिळाली. पण हे उत्तर मला अपुरं वाटतं, कारण व्हिएन्ना आणि कोपनहेगन ही श्रीमंत शहरं यादीत बरीच वर आहेत. लेव्हिन यांनी याआधी अमेरिकेतल्या ३६ शहरांत असाच अभ्यास केला होता. तिथे लोकवस्तीची दाटी हा सर्वांत ठळक घटक ठरला: गर्दी जितकी जास्त, तितकी मदत कमी. कोलकात्याच्या गर्दीला मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

मग काही समाजांत चांगुलपणाच कमी असतो का? मला तसं वाटत नाही, आणि त्याला आधार आहे. भाषाशास्त्रज्ञ निक एनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच खंडांत, आठ वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांचे रोजचे व्यवहार त्यांनी व्हिडिओवर टिपले होते. 'जरा ते भांडं दे' अशा छोट्या मदतीची गरज दर दोन-सव्वादोन मिनिटांनी पडत होती आणि नकारापेक्षा होकार सुमारे सातपट होते. घानातलं खेडं असो की इटलीतलं घर, चित्र जवळपास सारखंच. म्हणजे आपल्या माणसांना मदत करण्यात जग फारसं वेगळं नाही. फरक उघड होतो तो अनोळखी माणसासमोर, आणि तिथे मदतीनंतर आपल्यामागे काय लागेल ही धास्तीही मोजावी लागते.

चीनमधल्या नानजिंगमध्ये २००६ साली पडलेल्या एका वृद्धेला तरुणाने रुग्णालयात नेलं. यानेच मला पाडलं, असा दावा तिने केला आणि न्यायालयाने त्याला भरपाई द्यायला लावली. चूक नसेल तर हा मदतीला धावला कशाला, असा न्यायालयाच्या तर्काचा रोख होता. आपला धक्का वृद्धेला लागला होता हे त्या तरुणाने मान्य केल्याचं पुढे अधिकाऱ्यांनी जाहीर केलं, पण तोवर देशभर भीती पसरली होती. अखेर २०१७ मध्ये चीनने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण दिलं.

हीच धास्ती आपल्याकडच्या अपघातस्थळी दिसते: पोलीस, साक्ष, कोर्टाच्या खेपा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याने स्वतः ठरवायचं. हे हक्क हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत प्रवेशद्वारापाशी लावणं प्रत्येक सरकारी-खासगी रुग्णालयाला बंधनकारक आहे. महाराष्ट्रात अर्थात मराठीतही.