ज्येष्ठांचा रुग्णालयीन खर्च (भारत)

साठ वर्षांवरील व्यक्तीच्या रुग्णालयातील उपचारांवर आणि त्यांच्या मागेपुढे लागणाऱ्या तपासण्या, औषधे व शुश्रूषा यांवर होणारा खर्च. २०११च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढील व्यक्ती सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या.

म्हातारपणी एकच आजार घेऊन कोणी दवाखान्यात येत नाही. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेला मधुमेह आणि रक्तदाब आधीपासून असतातच. शस्त्रक्रियेआधी टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, हृदयरोगतज्ज्ञाकडून फिटनेस, म्हणजे शस्त्रक्रिया झेपेल असा अभिप्राय, घ्यावा लागतो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा परिणाम ओसरेपर्यंत थांबणेही भाग पडू शकते. शस्त्रक्रियेनंतर रक्तातील सोडियम उतरले, भ्रम झाला किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाला की मुक्काम लांबतो, प्रसंगी अतिदक्षता विभागात जावे लागते. हाड तेच असले तरी तरुणाच्या आणि वृद्धाच्या बिलात फरक पडतो तो या दिवसांमुळे.

ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यापुढील वयाच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. खासगी आरोग्य विमा विकत घेण्यासाठी विमा नियामकाने २०२४ मध्ये वयाची वरची मर्यादा ठेवली नाही आणि पूर्वीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही) चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. तथापि विमा असणे आणि बिल फिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये असताना ८,००० रुपयांची खोली घेतली, तर कपात केवळ जादा भाड्याची होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह यांसारखे संलग्न खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. असे खर्च २ लाख झाले तर मंजूर होतात १ लाख २५ हजार. औषधे आणि शरीरात बसवलेले साहित्य या कपातीतून वगळलेले असते, पण दाखल होताना काउंटरवर ही फोड करून सांगितली जाईलच असे नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात. ही सवलत वयावर नव्हे, उत्पन्नावर मिळते. त्यामुळे वृद्ध रुग्णाच्या नातेवाइकांना रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला हाताशी ठेवावा लागतो.

या साऱ्या व्यवस्थेची खरी उणीव म्हणजे ती खाटेभोवती उभी आहे. आयुष्मान योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात, बाह्यरुग्ण विभागातील खर्च मात्र नाही. खुब्याची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या वृद्धेला त्यानंतर कित्येक आठवडे फिजिओथेरपी, वॉकर, डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणि ब्युरोकडून (शुश्रूषेला माणसे पुरवणाऱ्या संस्थेकडून) आणलेली दिवसपाळीची मावशी लागते. हा खर्च बहुधा खिशातूनच होतो. मावशी परवडत नाही तिथे तिचे काम सून, मुलगी किंवा स्वतःच सत्तरी ओलांडलेली पत्नी करते आणि त्या श्रमांची नोंद कोणत्याही बिलात होत नाही.